मेंदूतील दाह : वैरी की राखणदार?



वसंत ऋतूत उन्हे उतरल्यावर गार वाऱ्याला बसून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात, ही आपली जुनी आवड आहे. अशा वेळी साहित्याचा किंवा इतिहासाचा विषय असता तर तो कानाला अधिक गोड लागला असता. आम्ही आपणांपुढे विषय आणला आहे तो मेंदूच्या दाहाचा. नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये, एवढीच प्रारंभी विनंती. या विषयात परिभाषा पुष्कळ आहे हे आम्हांस मान्य आहे. पण त्या परिभाषेच्या आत एक गोष्ट दडलेली आहे. पुष्कळ हुशार माणसांनी, अगदी सद्हेतूने, रोग्यांना एक औषध दिले आणि त्या औषधाने रोग वाढला. असे का झाले याचा धागा तेरा वर्षांनी हाती लागला. तो सापडला माणसाच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका अक्षराच्या फरकात. ती गोष्ट आज सांगावयाची आहे.

प्रथम दाह म्हणजे काय ते पाहू. पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे रोममधील सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने पहिल्या शतकातच नोंदून ठेवली आहेत. वैद्यकीय मराठीत कोणी याला शोथ म्हणतात, कोणी दाह. आम्ही आज दाह हाच शब्द धरून चालू. हा दाह म्हणजे रोग नव्हे, ती शरीराने केलेली तजवीज आहे. काट्याबरोबर आत गेलेले जंतू मारावयाचे, मेलेल्या पेशी उचलून न्यावयाच्या, आणि मग जखम बुजवावयाची, अशी ही कामे आहेत. चुलीतला विस्तव जसा चुलीत असला तर अन्न शिजवतो आणि छपराला लागला तर घर जाळतो, तसेच दाहाचे आहे. तेव्हा दाह हवा की नको हा प्रश्नच नाही. किती हवा, कोठे हवा आणि केव्हा थांबावा हाच प्रश्न आहे, आणि यालाच आपण नियमन म्हणतो.

हे नियमन कोण करते? शरीराच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे लहान लहान प्रथिने असतात. त्यांना सायटोकाइन असे नाव आहे. एक निरोप म्हणतो, ‘धावा, इकडे जंतू शिरले आहेत.’ दुसरा म्हणतो, ‘पुरे झाले, आता आवरा.’ पण निरोप नुसता सुटून उपयोग काय? तो घेणारा पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पेशीच्या भिंतीवर ठरावीक आकाराची प्रथिने बसवलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात, आपण ग्राही म्हणू. आपल्या घराच्या दारावर जशी टपालाची पेटी असते, तशीच ही ग्राहींची पेटी आहे, असे समजण्यास हरकत नाही. पत्र पेटीत पडले की घरात हालचाल सुरू होते. ज्या घराला त्या नावाची पेटीच नाही, त्या घरावरून पोस्टमन शंभर वेळा गेला तरी आतल्यांना पत्ता लागत नाही. ही पेटीची उपमा आपण ध्यानात ठेवावी. आजचे सारे व्याख्यान तिच्यावरच उभे आहे.

आता मेंदूकडे वळू. पायाला सूज आली तर चामडी ताणते, मेंदूला सूज आली तर त्याने जावे कोठे? कवटी हाडाची आहे, ती ताणत नाही. म्हणून मेंदूच्या दाहाला निसर्गाने अधिक कडक बंदोबस्त ठेवलेला आहे. पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले, तेव्हा सारी इंद्रिये रंगली, पण मेंदू तेवढा कोरा राहिला. रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये एक तटबंदी आहे, या कल्पनेचा उगम तेथला. पुढे १९४८ साली पीटर मेडावर यांनी सशांच्या मेंदूत परक्या कातडीचे तुकडे बसवून पाहिले. अंगावर असे तुकडे लवकर झडून जातात, मेंदूत ते बराच काळ टिकले. यावरून मेंदू हे एक स्वतंत्र संस्थान आहे, तेथे शरीराच्या फौजेला मज्जाव आहे, असा समज दृढ झाला.

हा समज अर्धाच खरा होता. माद्रिदच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ सालीच मेंदूतल्या एका निराळ्या पेशीचे वर्णन केले होते. तिचे नाव मायक्रोग्लिया. ही मेंदूची घरची राखणदारीण. ती आपले बारीक हात सतत हलवीत आसपासची चाहूल घेत असते आणि काही बिघडले की निरोप धाडते. शिवाय २०१५ साली मेंदूच्या आवरणांत लसिकावाहिन्या आहेत असे व्हर्जिनिया आणि हेलसिंकी येथील संशोधकांनी उंदरांत दाखवले. म्हणजे या संस्थानाला बाहेर जाण्याची वाट आहे, त्याची बाहेरच्या फौजेशी बोलणीही चालतात. मज्जाव आहे, पण दारे आहेत, आणि दारांवर पेट्या आहेत.

या संस्थानात दाह हाताबाहेर गेला म्हणजे काय होते याचे ठळक उदाहरण म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी १८६८ साली त्याचे व्यवस्थित वर्णन केले. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. या रोगात शरीराचीच फौज ते वेष्टण जागोजागी कुरतडते. मग एखाद्या तरुण स्त्रीला एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागते, बऱ्याच दिवसांनी ते सुधारते. पुढे कधी पाय बधिर होतो, कधी तोल जातो. रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान दिसू लागतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. संसाराची उभारणी चालू असते त्याच वयात तो दार ठोठावतो, हे त्याचे क्रौर्य.

आपल्याकडे हा रोग युरोपच्या मानाने कमी आढळतो. परंतु मुंबईचे ख्यातनाम मेंदूतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात तो तुलनेने अधिक दिसतो असे १९९० साली दाखवून दिले. एकाच शहरात, एकाच हवेत, शेजारी शेजारी राहणाऱ्या समाजांत असा फरक पडावा, यावरून रोगाच्या मुळाशी वंशपरंपरेचा काही अंश असला पाहिजे असे अनुमान निघते. तो अंश कोणता, हे पुढे येईल.

आता आपल्या गोष्टीतील मुख्य पात्र आणू. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांचे सहकारी यांना उंदरांच्या रक्तात गाठी मारणारा एक पदार्थ सापडला. त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ-नाशक घटक, असे नाव मिळाले. आपण त्याला टीएनएफ म्हणू. पुढे असे कळले की गाठी मारणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. तो दाहाचा मोठा निरोप्या आहे. सांध्यांच्या दाहात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, हा निरोप अखंड सुटत राहतो आणि सांधे झिजतात. तेव्हा हा निरोपच अडवला तर? लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या जोडीने १९९२ साली तसा प्रयोग केला. यांपैकी मैनी हे मूळचे लुधियान्यात जन्मलेले. वर्षानुवर्षे बोटे आखडलेल्या रोग्यांची सूज काही दिवसांत उतरली. वैद्यकाच्या इतिहासात अशी सुखाची वार्ता क्वचित येते. आज त्या पद्धतीची औषधे जगभर वापरली जातात आणि आपल्या देशातही तयार होतात.

मग साहजिकच विचार आला की, जे सांध्याला लागू पडले ते मेंदूला का पडू नये? विचार निराधार नव्हता. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांच्या मेंदूतील व्रणांत टीएनएफ सापडला होता. काचपात्रात मायलिनवर टीएनएफ घातला तर मायलिन खराब होते, असेही दिसले होते. उंदरांत या रोगासारखा रोग उत्पन्न करून टीएनएफ अडवला, तर उंदीर बरे राहत. आरोपी जागेवर सापडला, त्याच्या हातात हत्यार सापडले, साक्षीदारही मिळाले. आणखी कोणता पुरावा पाहिजे होता?

तरी एक सूचना मिळाली होती. १९९६ साली नेदरलँड्समध्ये वेगाने वाढणाऱ्या रोगाच्या दोन रोग्यांना टीएनएफविरोधी प्रतिद्रव्य देण्यात आले, आणि दोघांच्याही मेंदूच्या चित्रांत दाह वाढलेला दिसला. पण दोन रोग्यांवरून सिद्धान्त बांधता येत नाही. शिवाय तोवर एक मोठी चाचणी हाती घेतलेली होती. तिच्यातील औषधाचे नाव लेनरसेप्ट. हे औषध काय होते ते आपण नीट ध्यानात घ्यावे. टीएनएफची जी पेटी पेशीच्या दारावर असते, तिचाच बाहेरचा भाग कापून, प्रतिद्रव्याच्या तुकड्याला जोडून, तो रक्तात मोकळा सोडलेला. म्हणजे दारावरून उचकटलेली पेटी रस्त्यावर ठेवावयाची. पोस्टमनने पत्रे तिच्यातच टाकावीत आणि ती कोणीही वाचू नयेत, अशी युक्ती.

या चाचणीत १६८ रोगी होते. काहींना औषधाच्या निरनिराळ्या मात्रा, काहींना नुसते पाणी, दर चार आठवड्यांनी. कोणाला काय मिळते आहे हे ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना औषध मिळाले होते त्यांना रोगाचे झटके अधिक आले, आणि लवकर आले. नवल असे की मेंदूच्या एमआरआय चित्रांत गटागटांमध्ये मोठा फरक दिसत नव्हता. चित्र एक सांगत होते आणि रोग्याचे शरीर दुसरे. तो मार्ग तेथेच सोडून देण्यात आला.

श्रोतेहो, या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. त्या १६८ जणांनी आपले शरीर विद्येच्या हवाली केले होते. त्यांतील पुष्कळांना अपाय झाला. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग आहे. असे का झाले हे शोधून काढणे, आणि पुन्हा होऊ न देणे. पुढची हकीकत त्या शोधाची आहे.

पहिली कडी उंदरांतच सापडली. ज्या उंदरांत टीएनएफ मुळीच तयार होत नाही, अशांत तो मेंदूचा रोग कमी होण्याऐवजी अधिक तीव्र होतो, असे १९९८ साली ऑस्ट्रेलियातील काही संशोधकांनी दाखवले. २००१ साली अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला. उंदरांचे मायलिन एका रसायनाने झडवून टाकले आणि नंतर ते परत कसे भरून येते हे पाहिले. टीएनएफ असलेल्या उंदरांत ते भरून आले, नसलेल्यांत रेंगाळले. टीएनएफला पेट्या दोन आहेत. पहिली जवळजवळ सर्व पेशींवर असते, आणि तिच्यात पत्र पडले की बहुधा दाह भडकतो किंवा पेशी मरते. दुसरी काही निवडक पेशींवर असते, आणि मायलिन विणणाऱ्या कारागीर पेशींची वाढ या दुसऱ्या पेटीतून होते. एकाच सहीचे पत्र, पण एका पेटीत पडले तर ‘जाळा’, दुसऱ्या पेटीत पडले तर ‘बांधा’! लेनरसेप्टने ते पत्र रस्त्यातच गिळले, त्यामुळे जाळणारे थांबले असतील नसतील, पण बांधणाऱ्यांनाही निरोप पोचला नाही. आरोपी म्हणून ज्याला पकडले तो घटनास्थळी होता हे खरे. आग लावणारा म्हणून तेथे होता की विझवणारा म्हणून, हे कोणी विचारले नव्हते.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसात याचा पुरावा कोठून आणावयाचा? पुन्हा तशी चाचणी करणे हे तर पाप ठरले असते. येथे वंशपरंपरेचे शास्त्र मदतीला आले.

पोथ्यांची नक्कल करताना लेखकाच्या हातून अक्षर बदलते, आणि पुढच्या सगळ्या नकलांत तेच चालत राहते. याला आपण पाठभेद म्हणतो. ज्ञानेश्वरीत असे पाठभेद शिरले होते म्हणून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्या शरीराची पोथी सुमारे तीन अब्ज अक्षरांची आहे, आणि तिच्यातही लक्षावधी पाठभेद आहेत. फरक इतकाच की येथे कोणताही एक पाठ शुद्ध आणि दुसरा भ्रष्ट असे म्हणता येत नाही. दोन्ही पाठ घेऊन कोट्यवधी माणसे सुखाने नांदत असतात. रोगी आणि निरोगी अशा हजारो माणसांच्या पोथ्या ताडून पाहिल्या, म्हणजे कोणता पाठ रोग्यांत किंचित अधिक आढळतो हे कळते. अशा ताडणीत २००९ साली टीएनएफच्या पहिल्या पेटीच्या जनुकातील एक पाठभेद पुढे आला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांत तो थोडा अधिक आढळत होता.

त्याचा अर्थ लावला तो ऑक्सफर्डमधील लार्स फुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१२ साली. जनुकाचा मजकूर सलग नसतो, तो सुट्या पानांवर असतो, आणि पेशी ती पाने जुळवून मग प्रथिन तयार करते. हा पाठभेद सहाव्या पानाच्या कडेशी आहे. त्यामुळे होते असे की, काही नकलांत पेशी सहावे पान गाळूनच पुढे जाते. मग पुढच्या मजकुराची अक्षरे घसरतात, वाक्य निरर्थक होते आणि लवकरच संपते. पूर्ण प्रथिनात ४५५ दुवे असतात, या तुटक प्रथिनात मूळचे पहिले १८३ दुवे तेवढे जागेवर राहतात. गेलेल्या भागातच पेटी दाराला ठोकण्याचा खिळा होता. म्हणून ही पेटी दारावर बसत नाही. ती पेशीतून सुटून बाहेर पडते आणि वाटेत टीएनएफला धरून ठेवू शकते.

आपल्या ध्यानात आलेच असेल. दारावरून सुटलेली, रस्त्यावर फिरणारी, पत्र गिळणारी पेटी. हेच तर लेनरसेप्ट! औषध बनवणाऱ्यांनी जे कारखान्यात केले, ते निसर्ग कितीतरी पिढ्यांपासून थोड्या प्रमाणात करीत आला होता, आणि त्याचा परिणामही तोच होता. टीएनएफ अडला की या रोगाची शक्यता वाढते. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. हाच पाठभेद त्या संशोधकांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस आणि क्रोन यांच्या रोग्यांत तपासला. तेथे त्याचा संबंध आढळला नाही. आणि या तीन रोगांतच तर टीएनएफ अडवणारी औषधे गुणकारी ठरली आहेत. म्हणजे कोठे औषध चालेल आणि कोठे उलटेल, याचा इशारा आधीपासून पोथीत लिहिलेला होता. वाचता येत नव्हते म्हणून १६८ माणसांवर तो अनुभवून घ्यावा लागला.

हे सारे सरळ जुळले असे मात्र समजू नये. २०१५ साली अमेरिकेतील काही संशोधकांना असे आढळले की हा पाठभेद असलेल्या माणसांच्या काही रक्तपेशी टीएनएफला उलट अधिक जोराने प्रतिसाद देतात. तेव्हा कोणत्या पेशीत कोणता परिणाम वरचढ ठरतो याची चर्चा चालू आहे. शास्त्रात चर्चा चालू असणे हे प्रकृती चांगली असल्याचे लक्षण आहे.

आता कोणी चतुर श्रोता म्हणेल, ‘एवढेच ना? सुटी पेटी वाईट, दारावरची चांगली. झाले!’ तसेही नाही. याच रोगात आणखी एक ग्राही सापडला आहे, इंटरल्यूकिन-७ चा. हा निरोप फौजेतील टी पेशींना जगवतो. त्याच्या पेटीच्या जनुकातही २००७ साली एक पाठभेद सापडला, आणि योगायोग असा की तेथेही सहावेच पान गळते व पेटी सुटी होते. पण ही सुटी पेटी पत्र गिळत नाही. ती पत्र सांभाळून ठेवते. पेशींनी ते एकदम वापरून टाकू नये म्हणून कोठारासारखी साठवते आणि सावकाश पुरवते, असे २०१३ साली दाखवले गेले. परिणाम असा की निरोपाचे बळ एकूण वाढते, आणि चुकीच्या टी पेशीही अधिक काळ जगतात.

तिसरे उदाहरण इंटरल्यूकिन-६ चे. जपानमधील ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निरोप्याचा आणि त्याच्या पेटीचा छडा १९८६ ते १९८८ या काळात लावला. याच्या पेटीत ३५८ व्या दुव्यावर एक पाठभेद आहे. त्यामुळे ती दारावरून लवकर कापली जाते आणि रक्तात व मेंदूभोवतीच्या पाण्यातही सुट्या पेट्यांचे प्रमाण वाढते. ही सुटी पेटी निराळेच काम करू शकते. पत्र पोटात घेऊन ती अशा घराशी जाते की ज्याला स्वतःची पेटी नाही, पण पेटी अडकवण्याची खुंटी आहे. त्या खुंटीला अडकून ती तेथे पत्र पोचते करते. मेंदूतल्या कित्येक पेशींना इंटरल्यूकिन-६ चा निरोप मुख्यतः अशा आडवाटेनेच पोचतो. हा पाठभेद असलेल्या लोकांत यकृताच्या दारावरच्या पेट्या कमी पडतात, म्हणून त्यांच्या रक्तातील दाहाची खूण कमी दिसते. लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीतून २०१२ साली असेही दिसले की त्यांना हृदयविकाराचा धोका थोडा कमी असतो. पण याच पाठभेदाने दम्याचा धोका किंचित वाढतो! एका अक्षराने एक दार राखले आणि दुसरे उघडे टाकले.

याच ग्राहीने मेंदूच्या बाबतीत एक चांगली बातमीही दिली आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक रोग आहे. तो डोळ्याच्या मज्जातंतूवर आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर घाव घालतो, आणि पूर्वी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचेच भावंड समजत. त्यात इंटरल्यूकिन-६ ची पेटी बंद करणारे औषध दिले असता झटके कमी झाले, आणि २०२० साली त्याला जपान व अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे मेंदूचा दाहसुद्धा एकच एक वस्तू नाही. निरोप कोणता, पेटी कोणती, घर कोणते, या तिन्हींचा मेळ पाहिल्यावाचून औषधाची योजना करता येत नाही.

येथवर ऐकून काहींच्या मनात एक भीती उभी राहिली असेल. पोथीत लिहिलेलेच आहे, तर आपल्या हाती काय राहिले? ललाटीचे टळत नाही हेच शास्त्र नव्या शब्दांत सांगते काय? ही भीती अगदी व्यर्थ आहे. टीएनएफच्या पेटीचा जो पाठभेद आपण पाहिला, तो युरोपीय वंशाच्या लोकांत इतका सामान्य आहे की शंभर प्रतींत सुमारे चाळीस प्रतींवर तो आढळतो. आणि रोग? तेथे हजारी एक-दोघांना. पाठभेदाने धोका वाढतो तो दहा-वीस टक्क्यांच्या घरात, म्हणजे हजारी एकाच्या जागी फार तर सव्वा. कॅनडात एकसारख्या जुळ्या भावंडांची पाहणी झाली. पोथी अक्षरशः तीच असूनही, एकाला रोग असताना दुसऱ्याला होण्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याइतकेच भरले, हे १९८६ साली प्रसिद्ध झाले. २०२२ साली अमेरिकेतील एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींवरून दाखवले गेले की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या रोगाचा धोका सुमारे बत्तीस पटींनी वाढतो. एका अक्षराचे बळ आणि एका विषाणूचे बळ यांत केवढे अंतर! आणि तो विषाणू तरी बहुतेकांना कधी ना कधी गाठतोच, त्यांतल्या फारच थोड्यांना हा रोग होतो. तेव्हा कोणी थुंकीची तपासणी करून तुमच्या मुलीच्या नशिबाची कुंडली मांडून देऊ म्हटले, तर तिच्यावर या एका अक्षराच्या आधारे विश्वास ठेवू नये, आणि लग्नाच्या बोलण्यांत तर ती मुळीच आणू नये. हे आम्ही बजावून सांगतो.

मग या पाठभेदांचा उपयोग काय? एका माणसाचे भविष्य सांगण्यास ते दुबळे आहेत. औषधाचे भविष्य सांगण्यास मात्र ते समर्थ आहेत. एखादी पेटी बंद केली तर काय होईल, हे निसर्गाने लक्षावधी माणसांत अगोदरच सौम्यपणे करून ठेवलेले असते. नवे औषध रोग्याच्या शिरेत सोडण्यापूर्वी ती नोंद उघडून पाहणे हे आता वैद्यकाचे कर्तव्य झाले आहे.

आपणां सर्वांना घरी नेण्यासारखीही एक गोष्ट यात आहे. संधिवात, सोरायसिस किंवा आतड्याचा दाह यांसाठी टीएनएफ अडवणारी सुई आपल्या शहरांतही पुष्कळांना दिली जाते, आणि तिने कितीतरी माणसे पुन्हा कामाला लागली आहेत. अशी सुई सुरू करण्यापूर्वी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात, कारण दबून बसलेल्या क्षयाभोवती जी भिंत असते ती राखण्याचे काम टीएनएफच करतो. आपल्या देशात ही तपासणी अगत्याची आहे, तिला कोणी कंटाळू नये. त्याच वेळी, आपणांस किंवा आपल्या रक्ताच्या नात्यात कोणाला मल्टिपल स्क्लेरोसिस असेल, किंवा पूर्वी कधी एका डोळ्याची दृष्टी अचानक मंदावून परत आली असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे. सुई चालू असताना असे काही झाले, हातपाय बधिर वाटू लागले, तर लगेच दाखवावे. मनानेच औषध बंद करू नये आणि मनानेच रेटूही नये. एवढी साधी माहिती योग्य कानावर पडली, तर त्या चाचणीतील रोग्यांनी सोसले ते वाया गेले नाही असे म्हणता येईल.

आरंभी आम्ही प्रश्न घातला होता, दाह हा मेंदूचा वैरी की राखणदार? आता उत्तर देण्यास अडचण नाही. तो राखणदारच आहे. पण राखणदाराला निरोप कोणत्या दाराने पोचतो यावर त्याने दिवा हाती घ्यावयाचा की दांडका, हे ठरते. तो दांडका घेऊन उठला म्हणून त्याला सरसकट बांधून घातले, तर रात्री दिवा लावणाराही कोणी उरत नाही. सांध्यात त्याला आवरावे लागते, मेंदूत त्याच्या एका हाताला आवरून दुसऱ्याला मोकळे सोडावे लागते. टीएनएफची पहिली पेटी तेवढी बंद करावी आणि दुसरी उघडी ठेवावी, अशा औषधांचा शोध आज प्रयोगशाळांत चालू आहे. ती यशस्वी होवोत, अशी इच्छा आपण सर्वांनी धरावी.

विषय रुक्ष होता आणि नावे अवघड होती.  काही शंका असतील तर त्या अवश्य विचाराव्यात, उत्तर ठाऊक असेल तेथे देऊ.